दार लोटून मराठीत शिकवणारे सर

लातूरला नाहीतर नांदेडला कुठल्याही क्लासच्या खिडकीबाहेर पाच मिनिटं उभं राहून ऐका. आत शंभर-दीडशे पोरं दाटीनं बसलेली असतात आणि सर फळ्यावर लिहीत लिहीत सांगत असतात, "हे बघा, इंटिग्रेशन म्हणजे काय करायलोत आपण, ह्या एरियाचे बारीक बारीक तुकडे करायलोत अन् त्यायची बेरीज घ्यायलोत, कळलं का, आता लिमिट टाका." शब्द इंग्रजी, वाक्य मराठी, आणि पोरांना कळतं. ह्याच बोलीत शिकून पोरं सीईटीला पर्सेंटाइल काढतात, नीटला मार्क काढून डॉक्टर होतात, अख्खा महाराष्ट्र लातूर पॅटर्नचं नाव घेतो, पण सर मराठीत बोलतात म्हणून हे शिकवणं कमी दर्जाचं आहे असं म्हणणारा माणूस मला तरी आजपर्यंत भेटला नाही.

मग तेच पोरगं पावसाळा सरता सरता इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला जाऊन बसतं. तोच इंटिग्रल असतो, पुढं जाऊन डबल इंटिग्रल होतो एवढंच. पण आता समोर पीपीटी लावलेली असते आणि त्या पीपीटीवरचं इंग्रजी वाचून दाखवणं चालू असतं, मधे कुणी मराठीत शंका विचारली तर "आस्क इन इंग्लिश" म्हणून परत बसवतात, आणि इंग्रजीत विचारायचं म्हणजे आधी मनात वाक्य जुळवायचं, तोपर्यंत स्लाइड पुढं गेलेली असते. पहिल्या आठवड्यात पोरगं जीव लावून ऐकतं, दुसऱ्या आठवड्यात शेजारच्याच्या वहीत बघतं, तिसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावर जाऊन बसतं. तिथून पुढं त्याचं नाव कच्च्या पोरांत जातं आणि हे नाव लई दिवस निघत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी फर्स्ट इयर, निदान पहिलं सेमिस्टर तरी, उघडपणे आपल्या बोलीत शिकवावं. टर्म इंग्रजीच ठेवा, पुस्तक इंग्रजी राहू द्या, पेपर इंग्रजीत राहू द्या, पण समजावून सांगणं मराठीत, शंका मराठीत, आणि व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा मराठीत द्यायची मोकळीक. इंग्रजी भाषा मात्र वेगळी, नीट, रोज शिकवा. हे सगळं कॉलेजनं ठरवून, कागदावर लिहून आणि पहिल्याच दिवशी पोरांना सांगून व्हायला पाहिजे.

उघडपणे हा शब्द मी मुद्दाम वापरतोय कारण चोरून हे आजही चालतंच. आम्हाला मेकॅनिक्स शिकवायला एक सर होते. तासाला आले की पंधरा-वीस मिनिटं इंग्रजीत सांगायचे, वर्गभर नजर फिरवायचे, मग जाऊन दार लोटून घ्यायचे आणि म्हणायचे, "आता ऐका रे पोरांनो." आणि मग फ्री बॉडी डायग्राम असा सांगायचे की बॉडीला सगळ्यांच्या हातातून सोडवून घ्या, जिथं जिथं हात सुटला तिथं तिथं एक बाण काढा, भिंतीनं धरलं होतं तिथं एक, दोरीनं धरलं होतं तिथं एक, जमिनीनं उचलून धरलं होतं तिथं एक, आणि वजनाला विसरू नका, ते कुणी सोडवू शकत नाही. मी आजही कामावर कुठलं ब्रॅकेट बघितलं, कुठली चेन पुली बघितली की मनात हेच म्हणतो, कुणाकुणाचा हात सुटला. त्या सरांच्या विषयात आमच्या वर्गात कमी पोरं नापास झाली. पण दार लोटावं लागायचं, कारण वर्गात इंग्रजीतच बोला अशी वरून सूचना होती आणि कधी कुणी कॉरिडॉरमधून राउंडला येईल सांगता येत नव्हतं. इतका चांगला शिकवणारा माणूस आपलं चांगलं काम चोरी केल्यासारखं करत होता, हे मला तेव्हाही खटकायचं आणि आता तर जास्तच खटकतं.

मी परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातला, दहावीपर्यंत झेडपीची शाळा, सगळं मराठीत. अकरावी-बारावी सायन्स म्हणजे इंग्रजी, पण ते नावाला, शिकवणं मराठीतच होतं. फर्स्ट इयरला इलेक्ट्रिकलच्या व्हायवाला एक्सटर्नल सरांनी इंग्रजीत विचारलं की थ्री फेज मोटरची फिरायची दिशा उलटी करायची असेल तर काय करशील. मला प्रश्न कळला होता. उत्तर पण माहीत होतं, पुस्तकातून वाचून माहीत असतं त्याच्याहून जास्त माहीत होतं. मी नववीत असताना आमच्या विहिरीवरची मोटर जळाली होती, तालुक्याला वाइंडिंग करून आणली, बसवली, चालू केली तर पाणी नुसतं पिचकारीसारखं यायला लागलं. चुलते म्हणले, "उलटी फिरायली ती, मेन बंद कर अन् स्टार्टरमधल्या दोन वायरी अदलाबदल कर." तीनमधल्या कुठल्याही दोन. मी स्वतःच्या हातानं केलं आणि पाइपभर पाणी आलं. हे सगळं व्हायवात माझ्या डोळ्यासमोर होतं, ती विहीर, तो स्टार्टर, चुलत्यांचा आवाज, आणि तोंडातून निघालं, "सर, चेंज वायर." ते म्हणाले कुठली वायर, का, काय होतं त्यानं. मला म्हणायचं होतं की दोन फेज बदलल्या की फेजचा क्रम उलटा होतो आणि चुंबकाचं फिरणं उलट्या बाजूला चालू होतं, पण वाक्यच बनेना. मी गप्प बसलो, सरांनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. मार्क गेले त्याचं काही एवढं नाही. पण त्या दिवशी मी होस्टेलवर येऊन स्वतःलाच सांगितलं की आपल्याला येत नाही, आणि पुढं वर्षभर मी ते खरं मानून चाललो, एम-वन म्हणजे पहिल्या गणिताच्या पेपरातली केटी, म्हणजे नापास राहिलेला विषय, त्याच वर्षातली.

असं स्वतःबद्दल खोटं मानून बसलेली पोरं प्रत्येक वर्गात आहेत. जी जास्तच मानतात ती दिवाळीला गावाकडं जातात आणि परत येत नाहीत, घरी सांगतात तिथलं पाणी मानवंना, मेसचं जेवण जमंना, आणि बाप बिचारा म्हणतो जाऊ दे, बीएस्सीला टाकू.

आता ह्याच्यावर पहिलं उत्तर येतं ते प्राध्यापकांकडून, की हा भाषेचा प्रश्नच नाही, पोरांचं बेसिक कच्चं आहे. ह्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. सीईटीचा पेपर बघा, १५० प्रश्न, २०० मार्क, चार पर्याय, निगेटिव्ह मार्किंग नाही. दोन वर्षं पोरं ह्याच एका कामासाठी तयार केलेली असतात, पर्याय टाकून बघा, युनिट जुळतंय का बघा, जमलं तर त्यावर क्लिक करा. त्यात परत टायअपचा प्रकार, म्हणजे अकरावी-बारावीचं ॲडमिशन गावाकडच्या कुठल्यातरी कॉलेजला, हजेरी तिथली, पोरगं मात्र लातूरला नाहीतर नांदेडला क्लासच्या रूमवर, आणि प्रॅक्टिकल म्हणजे बोर्डाच्या परीक्षेला जाऊन यायचं एवढंच. त्यामुळं फर्स्ट इयरला अशी पोरं येतात ज्यांनी व्हर्नियर कॅलिपर हातात धरलेला नसतो आणि एखादं गणित पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत लिहून दाखवायची सवय गेलेली असते. इंजिनिअरिंगच्या पेपरात तर पानभर लिहावं लागतं, पायरी पायरीनं, कारण देऊन. लातूर पॅटर्नचं मी वर कौतुक केलं ते शिकवायच्या बोलीपुरतं, बाकी त्यानं पोरांची ही एक बाजू लुळी करून ठेवली हे मराठवाड्यातल्या लोकांनीच स्पष्ट बोलायला पाहिजे, बाहेरचे बोलले की आपल्याला राग येतो म्हणून तरी.

पण मग हे बेसिक पक्कं करायचं कुठल्या भाषेत? कारण देऊन पायरी पायरीनं विचार करायला शिकवायचं असेल तर पोरगं ज्या भाषेत "म्हणून", "पण", "असं असेल तर" म्हणतं त्याच भाषेत करावं लागेल. जोडणाऱ्या शब्दांवरच सगळा विचार उभा असतो. टॉर्क, फ्लक्स, मॅट्रिक्स हे शब्द पोरांना अडवत नाहीत, ते दोन दिवसात पाठ होतात. अडवतात ती बाकीची वाक्यं, सपोज, प्रोव्हायडेड दॅट, विथ रिस्पेक्ट टू. विषय खरा जिथं अवघड असतो तिथं पोरगं चुकतच नाही कारण तिथपर्यंत ते पोचलेलंच नसतं.

ड्रॉइंगचं घ्या. आमच्या वेळी होस्टेलवर सबमिशनच्या आठवड्यात प्रत्येक मजल्यावर जीटी चालायची, म्हणजे दोन खुर्च्यांवर काच ठेवायची, खाली बल्ब, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि दिसतील तशा रेषा उतरवायच्या. रात्रभर. आजही चालते, बल्बच्या जागी मोबाइलची टॉर्च आली. ह्याला पोरांची लबाडी म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण कोन म्हणजे शंकू कापल्यावर समोरून कसा दिसेल आणि वरून कसा दिसेल हे ज्याला डोळ्यापुढं आणताच येत नाही त्यानं उतरवण्याशिवाय काय करायचं? आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, की डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस नावाचं जे प्रकरण पोरं सगळ्यात जास्त उतरवतात ते आठवडी बाजारात पत्र्याच्या कोठ्या आणि नरसाळी करणारा कारागीर पोरांच्या समोर बसून करत असतो. सपाट पत्रा घेतो, त्याच्यावर खिळ्यानं एक कमान ओढतो, कापतो, वळवतो, नरसाळं तयार. ती कमान किती मोठी ओढायची हाच तर तो अख्खा चॅप्टर आहे. एक शनिवार पोरांना बाजारात नेऊन त्या माणसाजवळ बसवलं आणि परत येऊन त्याच नरसाळ्याचं ड्रॉइंग काढायला लावलं तर मला नाही वाटत निम्म्याहून जास्त पोरं काच शोधतील.

खेड्यातल्या पोराकडं काहीच नसतं हे जे गृहीत धरलेलं आहे ना, ते मुळात चूक आहे. बैलगाडीत भार मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, पुढं जास्त झाला की बैलाच्या मानेवर येतो, म्हणून कडब्याच्या पेंढ्या रचताना आखाच्या दोन्ही बाजूला तोलून रचायच्या, हे आमच्याकडं दहा वर्षाचं पोरगं बघून बघून शिकायचं. मोमेंट म्हणजे हेच. उलाळ हा शब्द वर्गात एकदा उच्चारला असता तर एम बरोबर एफ इनटू डी हे पाठ करावं लागलं नसतं. जुन्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना लोहार ती आधी गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, लाल असतानाच चाकावर घालायचा आणि वरून पाणी ओतायचा, धाव आवळून बसायची ती वर्षानुवर्षं निघायची नाही. कारखान्यात शाफ्टवर बेअरिंग तापवून बसवतात ते ह्याच तत्त्वावर, मी आज ते काम इंडक्शन हीटरनं करून घेतो आणि दरवेळी मला आमच्या गावचा लोहार आठवतो. आता टायरगाड्या आल्या, धाव बघितलेली पोरं कमी राहिली हे खरं. पण आजच्या पोरांकडं त्यांचं त्यांचं आहे, शेतावरचा सोलर पंप आहे, ठिबकचं प्रेशर आहे, सोयाबीनच्या थ्रेशरचे पट्टे आहेत, डीपीवर एक फेज गेली की मोटर घुं घुं करते पण फिरत नाही आणि तशीच ठेवली तर जळते हे प्रत्येकाला माहीत आहे. ह्या माहितीला वर्गात येऊ द्यायचं असेल तर ती ज्या भाषेत आहे त्या भाषेला पण येऊ द्यावं लागेल.

आणखी एक गोष्ट. वर्गात इंग्रजी चालू आहे म्हणजे पोरं इंग्रजीतून शिकतायत असं कुणी समजत असेल तर त्यानं परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलवर चक्कर मारावी. सगळ्यांच्या मोबाइलवर यूट्यूब चालू असतं आणि ते हिंदीत असतं. आमच्या पोरांचं इंजिनिअरिंग खरं म्हणजे रात्री हिंदीतून चाललेलं आहे, दीडपट स्पीडवर, समोरच्या माणसाला शंका विचारता येत नाही अशा अवस्थेत. दिवसा वर्गात फी भरून बसायचं आणि कळायचं मात्र रात्री रिचार्ज मारून. जे काम मोबाइलमधला अनोळखी सर त्याला कळेल अशा भाषेत करतो तेच काम समोर हाडामांसाचा, ह्याच मातीतला, सेलूचा नाहीतर उदगीरचा सर मराठीत का करू शकत नाही, ह्याचं उत्तर मला कुणी देत नाही.

देतात ते उत्तर प्लेसमेंटचं. मराठीत शिकवलं तर इंटरव्ह्यूत पोरं मागं पडतील. मी वाळूजला मेंटेनन्समध्ये काम करतो, नवीन आलेल्या पोरांच्या मुलाखतीला मला बसवतात म्हणून हे डोळ्यानं बघितलेलं सांगतो. इंग्रजी लागतं, शंभर टक्के लागतं. मशिनचं मॅन्युअल इंग्रजीत असतं, अलार्म इंग्रजीत येतो, पुण्याला नाहीतर परदेशात मेल टाकायचा तर इंग्रजीत. पण चार वर्षं इंग्रजीत शिकून आलेलं पोरगं त्या खुर्चीत बसून काय बोलतं? पाठ केलेली स्वतःची ओळख धडाधडा सांगतं आणि त्याच्या स्वतःच्या प्रोजेक्टवर एक आडवा प्रश्न विचारला की थांबतं. म्हणजे इंग्रजीही आलं नाही आणि विषयही आला नाही, दोन्हीकडून गेलं. कधी कधी मी म्हणतो, मराठीत सांग रे, आणि काही पोरं एकदम खुलतात, सुंदर सांगतात, आणि काहींना मराठीतही सांगता येत नाही, तेव्हा कळतं की ह्याला चार वर्षांत कुणी काही समजावूनच दिलेलं नाही. इंग्रजी शिकवायचं तर भाषा म्हणून शिकवा ना, फर्स्ट इयरला रोज एक तास, मॅन्युअलचं एक पान वाचा, त्यातलं समजलेलं चार वाक्यात लिहा, दुसऱ्याला सांगा. आता जे कम्युनिकेशन स्किल नावाचं आठवड्यातून एकदा होतं, त्यात ग्रुप डिस्कशनचे नियम आणि टाय कसा बांधायचा ह्याच्यापलीकडं फार काही जात नाही.

दुसऱ्या टोकाला संपूर्ण डिग्रीच मराठीत करा म्हणणारे आहेत. २०२० चं शैक्षणिक धोरण आलं, त्याच्यानंतर २०२१-२२ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, प्रादेशिक भाषांतून बीटेकला परवानगी दिली, पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरूही झालं, एआयसीटीईनं पुस्तकांची मराठी भाषांतरं केली. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण आमच्या भागातल्या गरीब पोराला तुम्ही वेगळ्या तुकडीत बसवून मराठी डिग्रीवाला असा शिक्का मारून बाहेर काढणार असाल तर तो घाबरणार, त्याचा बाप पण घाबरणार, आणि त्यांचं घाबरणं बरोबर आहे, कारण नोकरी देणारे आपले गैरसमज इतक्यात सोडत नसतात. म्हणून मी डिग्रीचं नाव बदला म्हणत नाही, पुस्तक बदला म्हणत नाही, टॉर्कला आघूर्ण म्हणा म्हणत नाही. लातूरचे क्लासवाले जसं बोलतात तसं बोला एवढंच म्हणतोय.

आपल्याच इतिहासात ह्याचा दाखला आहे आणि तो आपण विसरलो. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. त्याच्या आधी १९१७ ला भाषांतराचं स्वतंत्र खातं काढलं होतं, दारुल तर्जुमा, पुस्तकं आधी तयार व्हावीत म्हणून. पुढं तिथं डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवलं गेलं आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय म्हणून सोबत होता. म्हणजे ज्ञान इथल्या भाषेत आणि इंग्रजी भाषा म्हणून पक्की, ही व्यवस्था शंभर वर्षांपूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांच्या राज्यात होती, ही काही माझी नवीन कल्पना नाही. पण त्याच दाखल्याची दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे. राज्यातल्या बहुतेक प्रजेची भाषा तेलुगू, मराठी, कन्नड होती. आमच्याकडच्या मराठी पोराला ती उर्दू तितकीच परकी होती, घरात एक बोली, मदरशात दुसरी. जुनी माणसं अजून शाळेला मदरसा म्हणायची ती आठवण त्याच काळातली.

म्हणून मराठीचा आग्रह धरताना मला किनवट-माहूरच्या तांड्यावरून आलेलं पोरगं आठवतं जे घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलतं, आणि संभाजीनगरची, परभणीची, नांदेडची उर्दू शाळेतून आलेली पोरगी आठवते. त्यांना माझी मराठी उद्या तशीच परकी होऊ नये. वर्गात सरांनी मराठी बोलता बोलता हिंदीत एक वाक्य टाकलं, उर्दूवाल्या पोरीला तिच्या शब्दात उत्तर देऊ दिलं तर काही बिघडत नाही, बाजारात, एसटीत आपण हे रोज करतो. बाहेरच्या राज्यातले प्राध्यापक आहेत त्यांचं पण तेच, त्यांना हिंदी येतं, नसेल तर त्यांच्या तासाला जोडून एक मराठी बोलणारा सहायक द्या. अडचण आहे, पण ती सोडवता येण्यासारखी आहे.

वेळ कुठून आणायचा असं विचारतात. प्रवेशफेऱ्या लांबतात, सेमिस्टर आखडतं, शेवटच्या राउंडला आलेल्या पोराचे तर पहिले दोन युनिट झालेले असतात, हे सगळं खरं आहे. पण नवीन पोरांसाठी सुरुवातीलाच एआयसीटीईचा तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्राम आहेच ना, तो बहुतेक ठिकाणी पाहुण्यांची भाषणं, योगासनं आणि कॉलेजचं कौतुक ह्यात जातो. त्या तीन आठवड्यांत मराठीतून नुसतं एवढं करा की बारावीचं गणित लिहून सोडवायला लावा, पर्याय न देता. प्रत्येकाला एक मोटर खोलून परत जोडायला द्या. टर्म्सचा एक तक्ता भिंतीवर लावा आणि त्याच्यासमोर पोरांनी त्यांच्या गावचा शब्द स्वतः लिहू द्या. उशिरा येणाऱ्यांसाठी हेच परत एकदा संध्याकाळी घ्या. ह्याला वेगळी ग्रँट लागत नाही, नवीन बिल्डिंग लागत नाही.

हे आत्ताच का, तर वर्गात बसणारी पोरं बदलतायत. २०२४ पासून राज्य सरकारनं आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी पूर्ण माफ केली. लई चांगला निर्णय आहे, ज्या घरात पोराला इंजिनिअरिंगला आणि पोरीला बीएला टाकायचे तिथल्या पोरी आता येतायत. पण माफ झाली ती फी. त्या पोरीला एम-वनला केटी लागली, दुसऱ्या सेमिस्टरला अजून दोन लागल्या आणि वायडी बसली, म्हणजे वर्ष गेलं, की घरचे मुलाच्या बाबतीत म्हणतात पुन्हा बस, मुलीच्या बाबतीत म्हणतात स्थळ आलंय. तिच्याकडं ते एक वर्ष वाया घालवायला नसतं.

माझी भाची ह्या वर्षी फर्स्ट इयरला आहे, तिनंच परवा फोन करून विचारलं, "मामा, मला क्लासमध्ये काहीच कळंना, मी काऊन घेतलं इंजिनिअरिंग?" मी तिला आयगेन व्हॅल्यू फोनवर सांगितलं. म्हटलं, मॅट्रिक्स म्हणजे एक यंत्र समज, त्यात बाण टाकला की तो फिरून, लांब-आखूड होऊन बाहेर येतो, पण काही बाण असे असतात की ते दिशा सोडत नाहीत, नुसते लांब होतात नाहीतर आखूड होतात, ते कुठले आणि किती पटीनं, एवढंच शोधायचंय आपल्याला. ती दोन मिनिटं गप्प होती आणि मग म्हणली, "एवढंच होतं का?" एवढंच होतं. आणि पोरगी हुशार आहे, तिनं लगेच पुढचा प्रश्न विचारला की मग दिशा एकदम उलटी झाली तर काय, आणि मी तिला म्हटलं, तू सांग, आणि तिनंच सांगितलं, मायनस.

तिच्या कॉलेजला पुढच्या महिन्यात पालक मेळावा आहे. मेव्हणे शेतातून येऊ शकत नाहीत म्हणून मी जाणार आहे. मराठवाड्यातली बरीच कॉलेजं आता लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत, काही ऑटोनॉमस आहेत, सिलॅबस बदलायचा तर वरची परवानगी लागते हे मला माहीत आहे, पण वर्गात सरांनी कुठल्या भाषेत समजावून सांगावं ह्याला लोणेऱ्याला जावं लागत नाही, प्राचार्यांनी एक सूचना काढली तरी पुरे. तेवढी एक सूचना मी लिहून मागणार आहे. तिच्या होस्टेलमधल्या आणखी तीन पोरींच्या पालकांशी बोलणं झालंय, त्यातले एक किनवटकडचे आहेत, ते म्हणाले मी पण उठून बोलतो, पण मला गोरमाटीत बोलायची सवय, मराठी माझी थोडी अडखळती आहे. मी म्हटलं अडखळत बोला, आम्ही थांबतो.